मॅडमने नाकारलेलं जेवण

आमच्या घरात माणसं चार आणि ताटं तीन होती. आई सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातच जेवायची, आणि मला असंच बरं पडतं म्हणायची. आम्ही ते खरं धरून चाललो होतो. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचे. एक दिवस सळया उचलताना पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि त्यानंतर ते नीट वाकलेच नाहीत. उठायचे, बसायचे, भिंतीला टेकून रेडिओ ऐकायचे, बस. मग आई कामोठ्यात तात्यांच्या घरी जेवण करायला लागली. कामाबरोबर त्यांच्या इमारतीमागची एक खोलीही मिळाली. म्हणजे गणित सरळ होतं. आईचं काम गेलं तर खोली जाणार, खोली गेली तर माझं कॉलेज जाणार. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. माझा धाकटा भाऊ राजू तेव्हा शाळेत होता. सगळ्यांची नाळ त्या एका स्वयंपाकघराला बांधलेली होती.

आणि त्या स्वयंपाकघराची मालकीण होती एक मांजर.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे रीत आहे. तात्या अजून धडधाकट आहेत, त्यामुळे माझी ती अडचण नाही.

तात्या म्हणजे कामोठे गावठाणातले जुने जमीनदार. शेती सिडकोने घेतली, तिच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, प्लॉटवर चार मजले उभे राहिले, आणि तात्या तळमजल्यावर सोफ्यात बसले ते बसलेच. अंगात पांढरं बनियन, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी. सोफ्याचं प्लॅस्टिक त्यांनी कधी काढू दिलं नाही. उठले की मांडीला चिकटलेलं प्लॅस्टिक चर्र करून सुटायचं, त्यावरून आईला आत कळायचं की तात्या आंघोळीला निघाले. आंघोळ झाली की गुडघ्यांना निलगिरीचं तेल. दोन्ही हातांनी, खसाखसा. मग हात लुंगीच्या फडक्याला पुसायचे. साबण लावायचा नाही. "तेल हातात मुरला पायजे," म्हणायचे. त्यानंतर जेवण. घरभर निलगिरीचा वास सुटलेला असायचा आणि त्या वासात आईने केलेलं कालवण.

मांजरीचं नाव मॅडम. जात अगदी गल्लीतली. पांढरी, एक कान काळा, इमारतीमागच्या गटाराच्या कडेला जन्मलेली. प्लॉटची फाईल म्हणे एका कार्यालयात एका बाईंच्या टेबलावर बरेच दिवस अडून होती. तात्या आयुष्यात कुठल्या बाईसमोर हात जोडून उभे राहिले असतील तर त्या एकट्या बाईसमोर. त्यांच्यावरून हे नाव. "तशीच नजर हाय हिची," तात्या पाहुण्यांना सांगायचे, "फाईल बघितल्यावानी ताट बघते. काय कमी असला की सही नाय!"

मॅडमचं स्वतःचं ताट होतं. स्टीलचं, काठाचं, आणि त्यावर नाव घातलेलं. भांड्यावर नाव घालणारा माणूस दारावर आला होता. तात्यांच्या सुनेने आपल्या नवऱ्याचं नाव घालून घेतलं, आणि तात्यांनी एक ताट पुढे करून सांगितलं, "ह्याच्यावर लिव, मॅडम." तो माणूस आधी हसला. तात्या हसले नाहीत, तेव्हा त्याने मुकाट्याने यंत्र सुरू केलं. त्या दिवशी घरी येऊन आईने आम्हाला ही गोष्ट हसत हसत सांगितली. मी हसले नाही. पातेल्यात जेवणाऱ्या बाईने मांजरीचं नाव घातलेलं ताट रोज घासायचं, यात हसण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं.

आमच्या खोलीची खिडकी त्यांच्या मागच्या पडवीकडे उघडायची, आणि पडवीतून दार उघडं असलं की थेट हॉल दिसायचा. त्यामुळे दुपारचा तमाशा मला अभ्यास करता करता फुकट बघायला मिळायचा. आई कालवण आणि तळलेले मासे आणून ठेवायची. तात्या पहिला तुकडा घ्यायचे, त्याच त्या तेलाच्या बोटांनी काटे काढायचे, बारीक कुस्करायचे आणि मॅडमच्या नाकासमोर धरायचे. "घे गो बाय माजी. घे." मॅडम मान पुढे करायची, नाकपुडी हलायची, डोळे मिटायचे. मग ती तोंड फिरवायची. कधी शिंकायचीसुद्धा. आणि पाटावरून उतरून शेपटी वर करून सरळ सोफ्याखाली.

सून ताटाकडे बघत बसायची. तात्या आईकडे बघायचे.

"कमले, मासा कवाचा हाय?"

"सकालचाच हाय तात्या. डोळं बघून घेतला."

"तुझ्या डोल्यानं नको सांगू. मांजर खोटा बोलत नाय, मानूस बोलता."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. मांजर खोटं बोलत नाही. त्यावर अपील नाही. मग ते सगळं जेवण नापास व्हायचं. सुनेने भाकरीबरोबर लोणचं घ्यायचं, तात्या अंडी करून घ्यायचे, आणि टोप आईच्या हातात द्यायचे. "घेऊन जा मागं. तुमाला चालंल."

तुमाला चालंल. हे दुसरं ब्रीदवाक्य. मांजरीला न चालणारं आम्हाला चालेल, हे त्यांना इतकं उघड वाटायचं की ते म्हणताना त्यांच्या आवाजात हेटाळणीही नसायची. पाऊस पडतोय म्हटल्यासारखं म्हणायचे.

आणि आम्हाला चालायचं! हे मी लपवत नाही. पापलेट, रावस, आंबट कोलंबी, हलव्याचं कालवण, हे सगळं मी माझ्या कॉलेजच्या वर्षांत भरपेट खाल्लं ते मॅडमच्या कृपेने. मांजर जेवढी नखरेल, तेवढं आमचं जेवण चांगलं. ज्या दिवशी ती दोन घास खायची, त्या दिवशी आमच्याकडे आमटी-भात. राजू तर देवाला सांगायचा, "आज मॅडमचं पोट बिघडू दे."

आता वारांचं सांगते. सोमवार, गुरुवार, शनिवार तात्यांच्या घरात मासळी शिजत नसे. तात्या वार कडक पाळायचे. घरात वास नको, दारात काटा नको, डोळ्यांना दिसायला नको. पण मॅडमला दूधपोळी दिली की ती ताटावर पुढच्या पायांनी माती ओढल्यासारखं करायची. तात्यांना तो अपमान सहन होईना. मग त्यांनी तोड काढली. वाराला मॅडमचे सुके बोंबील आमच्या खोलीत भाजायचे. घर त्यांचं, वार त्यांचे, पुण्य त्यांचं, आणि बोंबलाचा धूर आमच्याकडे. आमचे वार मोडले तर देवाला चालत असावं.

तर सोमवारी मॅडम आमच्याकडे यायची. आई बोंबील भाजायची, डोकी काढायची, भातात कुस्करायची आणि जमिनीवर कागदावर ठेवायची. आणि ती बया खायची! हावरटासारखी, मान वाकडी करून, कागदसुद्धा चाटून पुसून. कधी आईच्या बोटांवरून. माझ्या हातातून. पाठीने वाकता न येणाऱ्या माझ्या वडिलांच्या मांडीवर चढून त्यांच्या घासातला घास. नखरा म्हणून नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहायचो. जी हॉलमध्ये पापलेट नाकारते ती इथे शिळ्या भातावर तुटून पडते. तात्यांना हे कधी दिसलं नाही, कारण वाराच्या दिवशी मासळीकडे बघायचं नाही म्हणून ते पडवीचं दारच लावून घ्यायचे.

कारण कळलं ते तात्यांच्याच दानतीमुळे. निलगिरीची एक बाटली तळाला आली होती. "कमले, नवऱ्याच्या पाठीला लाव. तुमाला चालंल." आईने त्या सोमवारी वडिलांच्या पाठीला तेल चोळलं आणि तशाच हाताने बोंबलाचा तुकडा मॅडमसमोर धरला. मॅडमने नाक पुढे केलं, डोळे मिटले, शिंकली आणि तोंड फिरवलं. अगदी हॉलमधल्यासारखं. आईने हात साबणाने धुतला, तोच तुकडा पुन्हा धरला. मॅडमने मटकन खाल्ला.

आईने बाटलीचा वास घेतला. मग वडील हसायला लागले. पाठ दुखेपर्यंत हसले.

"जाऊन सांग त्यांना," मी आईला म्हटलं.

"काय सांगू?"

"की मासा शिळा नसतो. त्यांचा हात घाण मारतो."

आई कागद उचलत म्हणाली, "सांगितला तर मांजर जेवंल. मग तुमी काय खाल?"

तेव्हा आम्ही सांगितलं नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. रोज दुपारी आईने शिव्या खाल्ल्या आणि आम्ही मासे खाल्ले. व्यवहार आईने ठरवला होता.

फक्त एकदा आई चिडली. तात्यांचा मोठा मुलगा खारघरला राहायला गेला होता, त्याने तिथल्या मॉलमधून मांजराच्या खाण्याचं पाकीट आणलं. वर फुगलेल्या विलायती मांजराचं चित्र. तात्यांनी पाकीट फोडलं आणि म्हणाले, "पयला मी खानार." आणि खरंच दोन-तीन गोळ्या तोंडात टाकून चावल्या, डोळे बारीक करून. "मीठच नाय. कोंडा हाय नुसता." मग बोटांनी मॅडमला दिल्या. मॅडम गेली सोफ्याखाली. मुलगा म्हणाला, "बाबा, ते पाकिटातून सरळ ताटात घालायचं असतं." "मना शिकवू नको," तात्या म्हणाले. "मॅडम माझ्या हातानंच खाते." जी फक्त तेल संपलेल्या दिवशी खायची ती.

ते पाकीट त्यांनी आईकडे दिलं. "पोराला दे. कुरकुरीत हाय."

आईने घरी येऊन पाकीट जमिनीवर आपटलं. राजू म्हणाला, "आई, खाऊ?" तिने पाकीट उचलून नाक्यावर नेलं आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर ओतलं. कुत्र्यांनी खाल्लं. घरी येऊन ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

मग तो रविवार. तात्यांच्या धाकट्या मुलीला, बेबीला, बघायला उरणकडची माणसं येणार होती. मिठागरवाले, खाडीकाठचे, पैसेवाले. मुलाबरोबर त्याचे वडील आणि आई. मुलाची आई अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त. आम्ही पुढे त्यांना उरणच्या काकू म्हणायला लागलो. आई पहाटे बाजारात जाऊन हलवा आणि सुरमई घेऊन आली होती. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते, पण लक्ष हॉलमध्ये.

शहाण्या माणसाने अशा दिवशी मांजर कोंडून ठेवलं असतं. तात्यांनी तिला पाहुण्यांसमोर पाटावर बसवलं, पुढे नाव घातलेलं ताट ठेवलं. "आमच्याकडं मॅडमनं पास केल्याबिगर कुनी जेवत नाय," ते छाती काढून म्हणाले. नुकतंच तेल लावलेलं होतं. पाहुण्यांसाठी जरा जास्तच.

हलव्याचा तुकडा. काटे काढले. "घे गो बाय."

मॅडम शिंकली आणि गेली.

मुलाचा बाप हसला. बेबीची मान खाली. तात्यांचा चेहरा लाल झाला, आणि तो लाल चेहरा त्यांनी आईकडे वळवला. "कमले! आजच्या दिशी शिळा मासा? पावन्यांसमोर? उचल सगला. घेऊन जा मागं, तुमाला चालंल."

आईने टोपाला हात घातला. तेवढ्यात उरणच्या काकू उठल्या. "थांब गो बाय." सरळ टोपात हात घालून त्यांनी हलव्याचा एक मोठा तुकडा उचलला, तोंडात टाकला, बोटं चाटली. "शिळा? ह्यो? आमी खाडीवर जन्मलो ओ भाऊ. सकालचा मासा हाय हा. आन काय कालवण केलंय!" मग त्यांनी एक तुकडा काटे काढून सोफ्याखाली धरला. मॅडम बाहेर आली. काकूंच्या बोटांवरून खाल्लं, बोटं चाटली, आणि अजून मागायला लागली.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. आता तरी?

तात्यांनी मॅडमकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मग हसून म्हणाले, "बघितलात? पावन्यांचा मान राखते. एवढी समज हाय हिला."

मला वाटतं, तात्यांचं सगळं चरित्र या एका वाक्यात आहे. याहून जास्त सांगायची गरजच नाही.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग आईकडे वळून म्हणाल्या, "बाय, तुझा नाव काय?"

सगळे जेवले. लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी आईला सांगितलं, "कमले, मॅडमला तुझ्या हातचा पटत नाय. दुसरी बाई बघितलीय. खोली महिन्यात सोड." पाहुण्यांसमोर मांजरीने त्यांना तोंडघशी पाडलं होतं, आणि मांजरीला काढता येत नव्हतं.

आईने घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, "मी परीक्षा नाही देत. काम बघते." आई म्हणाली, "तू पुस्तक उघड." एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की मी उघडलं.

त्या आठवड्यात उरणच्या काकूंचा माणूस निरोप घेऊन आला. त्यांच्या भावकीत हळद होती, आणि हळदीचं जेवण त्यांना त्या हलव्यावाल्या बाईकडूनच करून हवं होतं. आमच्या भागात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं जेवण. आईने आयुष्यात एवढ्या माणसांचं कालवण केलं नव्हतं. केलं. तिथून दुसऱ्या हळदीचं काम आलं, मग तिसऱ्या. एका हळदीच्या जेवणात ओळख झालेल्या माणसाने कोन गावात, एक्स्प्रेस वेच्या बाजूला, एक पत्र्याची खोली भाड्याने दिली. पुढे चूल आणि बाकडी, मागे आम्ही. मी शेवटचे पेपर त्या पत्र्याखाली अभ्यास करून दिले. दुपारी ट्रकवाले आणि साइटवरचे लोक भाकरीसाठी ओरडायचे, आणि मी कानात बोटं घालून पाठ करायची.

आता मी कामोठ्यात क्लासमध्ये शिकवते, त्यामुळे तात्यांच्या इमारतीवरून जाणं होतं. दोन्ही मुलगे खारघरच्या टॉवरमध्ये गेले, सून गेली. वरचे मजले भाड्याने आहेत. मध्यंतरी एका दुपारी तात्या ओट्यावर बसलेले दिसले. साखळी तीच, बनियन तेच, गुडघे चकचकीत. समोर म्हातारी, खपाटीला गेलेली मॅडम आणि तिचं ताट. नावाचे ठिपके झिजले होते, पण वाचता येत होते.

"ए, कमलची पोरगी ना तू?"

"हो तात्या."

"मॅडम काय खात नाय गो. डॉक्टर झाला, पाकिटा झाली. बारीक झाली बघ."

आता आमचं काही अडत नव्हतं. मी थांबले आणि सरळ सांगितलं. "तात्या, तुमच्या हाताला निलगिरीचा वास येतो. तो मांजराला सोसत नाही. साबणाने हात धुवा आणि मग घाला. आज खाईल."

तात्यांनी बोटं नाकाशी नेली, हुंगली. "वास? तीस वरसं लावतो हा तेल. मना कधी वास आला नाय."

"तुम्हाला नाही येणार. तिला येतो."

"कॉलेजात ह्येच शिकवतात काय?"

"नाही. तुम्ही दिलेल्या बाटलीतून कळलं."

ते हसले. मोठ्याने, मांडीवर हात मारून. "मना मांजराबद्दल शिकवते! अगो, तू जन्मली नव्हतीस तवापासून मी..." आणि बोलता बोलता त्यांनी त्याच बोटांनी माशाचा तुकडा कुस्करला आणि मॅडमसमोर धरला. "घे गो बाय माजी."

मॅडमने नाक पुढे केलं. डोळे मिटले. तोंड फिरवलं. शेपटी वर करायची ताकद उरली नव्हती, तशीच फरफटत ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"बघितलास? मासा शिळा हाय," तात्या म्हणाले, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "घेऊन जा. तुमाला..."

तिथे ते थांबले. माझ्या पायातल्या सॅंडलकडे, खांद्यावरच्या पर्सकडे त्यांचं लक्ष गेलं असावं.

"आम्हाला नाही चालत, तात्या," मी म्हटलं. ताटातला, त्यांचा हात न लागलेला तुकडा उचलला, कोपऱ्यात जाऊन मॅडमसमोर ठेवला आणि मागे न बघता क्लासला गेले. चपचप आवाज मात्र गल्लीच्या वळणापर्यंत येत होता.

मी बी.कॉम. झाले. राजू आयटीआय करतो आहे. आईची खानावळ आता पक्क्या भिंतींची आहे, आणि तिथल्या प्रत्येक ताटावर तिचं नाव घातलेलं आहे. दुपारी गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आधी त्यातलं पहिलं ताट आई स्वतःला वाढून घेते.